मिरज विरुद्ध वर्धा, चाल बेचाळिसावी

मिरजेत सतारी करणाऱ्यांची गल्ली आहे. तिथे इस्माईलभाई सतारमेकरांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, लाखेचा वास आणि आढ्याला वाळत टांगलेले भोपळे. दर रविवारी सकाळी साडेनऊला मागच्या खोलीतलं काम बाजूला सरायचं, मधोमध बुद्धिबळाचा पट मांडला जायचा आणि तीन म्हातारी माणसं त्यावर वाकून बसायची. कुमुदिनी आरवाडे स्वतःला म्हाताऱ्यांत धरत नसे, तिला नुकतंच त्रेसष्टावं लागलं होतं. पण बाकीच्या दोघांनी सत्तरी ओलांडलेली, आणि सत्तावीस वर्षं अशा संगतीत काढली की माणूस त्यांच्यातच मोजला जातो.

तिघं मिळून एकच डाव खेळत होती, आणि तोही चार वर्षं. समोर वर्ध्याची चौघं. पांढरे मिरजेचे, काळे वर्ध्याचे. एका पोस्टकार्डावर एक चाल लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. महिन्याला दोन्हीकडची मिळून एक चाल झाली तरी डोक्यावरून पाणी. तिकडची कार्डं रामकृष्ण उमाटे नावाचे एक निवृत्त भूमापक लिहीत. चालीखाली ते वर्ध्याच्या उन्हाबद्दल एक ओळ टाकत आणि ती ओळ बाराही महिने तक्रारीची असे.

या खोलीत एक कायदा होता आणि तो यशवंत मगदूमांनी केला होता. मगदूम म्हणजे सगळ्यांचे अण्णा, मिरज जंक्शनवरून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. तोंडाने नाही, हाताने बोलायचं, असा तो कायदा. एखादी चाल वाईट वाटली तर ‘वाईट आहे’ म्हणायला बंदी. पुढे काय होतं ते मोहरे हलवून दाखवायचं. मग दुसरा मधेच हात घालणार, मी असं कशाला खेळेन, असं खेळेन. मग तेही दाखवायचं. एकेका चालीला सतरा फाटे फुटायचे, चहा निवायचा, इस्माईलभाईंची सून दोनदा डोकावून जायची. एवढं करून ठरलेली चालसुद्धा लगेच पोस्टात पडत नसे. ती एक आठवडा पिकू द्यायची, पुढच्या रविवारी पुन्हा तपासायची आणि मगच कार्ड लिहायचं.

आता कोणी विचारील, हे सगळं कशासाठी? बुद्धिबळ सुटून तर दोन वर्षं झाली होती.

सुटलं म्हणजे गणित सुटतं तसं सुटलं. त्याची सुरुवात फार जुनी. पटावर दोन राजे आणि एखादा हत्ती एवढंच उरलं की डाव शेवटाकडून मागे मोजत येता येतो. आधी जिथे मात झालेली आहे अशा सगळ्या मांडण्या लिहायच्या. मग त्यांच्या एक चाल अलीकडच्या, मग दोन चाली अलीकडच्या. असं मागे मागे येत गेलं की प्रत्येक मांडणीवर शिक्का बसतो: पांढरा जिंकणार, काळा जिंकणार किंवा बरोबरी, आणि कोणी जिंकणार असेल तर किती चालींत. सात मोहऱ्यांपर्यंत हे काम केव्हाच झालं होतं. पुढे जागेपायी अडत होतं. पूर्ण पटाच्या मांडण्या लिहून ठेवायच्या तर जगातली सगळी साठवण एकत्र करूनही पुरली नसती.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळं लिहायची गरजच नाही. कोट्यवधी मांडण्या आतून एकाच घरातल्या असतात. प्यादी कशी अडकली आहेत, राजाला पळायला कुठली वाट आहे, हे सारखं असलं की एकीचा निकाल तो सगळ्या भावंडांचा निकाल. यंत्राने अशी घराणी हुडकली, प्रत्येकाचा निकाल एकदाच सिद्ध केला आणि मागे मागे सरकत ते एक दिवस पहिल्या मांडणीपाशी येऊन पोचलं. पहिली मांडणी बरोबरीची निघाली, याचा अंदाज सगळ्यांना होताच. त्यानंतर ‘निवाडा’ फोनवर आला. पट दाखवला की तो एक शब्द आणि एक आकडा द्यायचा, आणि तिथून पुढची बिनचूक चाल विचारली तर तीही सांगायचा. तीच का, हे मात्र तो सांगू शकत नसे. त्याची सिद्धता होती, पण ती वाचून काढायला माणसाला काही हजार वर्षं लागली असती.

जगाने आधी टाळ्या वाजवल्या आणि मग जांभई दिली. सामने बघणारे पटाकडे बघेनात, कोपऱ्यातला आकडा बघू लागले. सांगली-मिरजेतली मंडळं एकेक करून बंद पडली. एकात आता योगवर्ग चालतो. अण्णांनी मात्र त्याच आठवड्यात वर्ध्याला कार्ड टाकलं. आम्ही निवाडा बघणार नाही, तुमचं काय? उमाट्यांचं उत्तर आलं, आम्हीही नाही, शपथ. इस्माईलभाईंनी ते कार्ड भिंतीला टाचलं आणि तिघांनी पुन्हा पटावर डोकी खुपसली.

अण्णांची बायको शांताक्का दीड वर्षामागे गेली. मुलगा बंगळुरूला. तेव्हापासून अण्णा घराबाहेर पडायचे ते फक्त रविवारी. एकदा कुमुद त्यांना म्हणाली की आज दाढी छान झालीय, तर ते म्हणाले, रविवार आहे म्हणून करतो, नाहीतर कुणासाठी करू. ती तेव्हा हसली, पण घरी गेल्यावर ते वाक्य तिच्या मनातून जाईना. हा डाव आहे तोवर अण्णा आहेत, हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं. आणि तिचं स्वतःचं तरी काय वेगळं होतं? लग्न केलं नाही, भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत राहायची. घरात सगळे चांगले होते, पण ती बोलायला लागली की त्यांना काही ना काही काम आठवायचं. या खोलीत मात्र तिने मोहऱ्याला हात घातला की दोन माणसं श्वास रोखून बघत.

श्रावणात अण्णा न्हाणीत चक्कर येऊन पडले. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी रविवार होता, तर डोक्याला पट्टी बांधून हजर. त्या दिवशी एकेचाळिसावी चाल पटावर होती आणि पांढऱ्याची स्थिती काही खरी नव्हती. अण्णा बराच वेळ बघत बसले आणि कुमुदला हळूच म्हणाले, “हा डाव बरोबरीत सुटला पाहिजे गं. बाकी आता काही मागायचं राहिलं नाही.”

तिने बुधवारी दुपारी निवाडा उघडला.

शपथ मोडतेय हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण तिचा हिशेब सरळ होता: बरोबरीची वाट कुठेतरी असणारच, ती एकदा बघून घ्यायची आणि रविवारी आपल्याला सुचल्यासारखी पटावर ठेवायची. अण्णा खूश, डाव वाचला, आणि पाप एकट्या कुमुदच्या डोक्यावर. तिने मांडणी दाखवली. काळा, अठ्ठावन्न, असं उत्तर आलं.

म्हणजे पांढऱ्याने आता काहीही केलं तरी काळा जिंकणार, आणि दोघांनी बिनचूक खेळलं तर अठ्ठावन्न चालींत. तिने मांडणी पुन्हा तपासली, पुन्हा दाखवली. मग एकेक चाल मागे जायला लागली. चाळिसावी, पस्तिसावी, तिसावी, सगळीकडे काळाच. थेट तेविसाव्या चालीच्या आधी तो शब्द बदलला आणि बरोबरी दिसली.

तेविसावी चाल तिला न बघताही आठवत होती. अण्णांनी राजापुढचं प्यादं दोन घरं रेटून हल्ला करायचा म्हटलं होतं. इस्माईलभाईंचं म्हणणं होतं की हत्ती मागे घेऊन गप्प बसावं. त्यांनी तासभर हात चालवून दाखवलं की प्यादं पुढे गेलं की राजा उघडा पडतो. मत एकास एक पडलं आणि दोघांनी कुमुदकडे बघितलं. शांताक्कांचं तेरावं नुकतंच झालं होतं. अण्णा त्यानंतर पहिल्यांदाच आले होते आणि प्यादं पुढे सरकवताना त्यांच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी जीव आला होता. कुमुदने पटाला हात न लावता सांगितलं, मला अण्णांचं पटतंय. सत्तावीस वर्षांत तिने तोंडाने दिलेलं ते एकच मत. निवाड्याने सांगितलं की इस्माईलभाईंची हत्तीची चाल बरोबरीची होती आणि अण्णांची हरायची.

त्यानंतरच्या रविवारी ती नेहमीसारखी जाऊन बसली. चेहरा सांभाळणं तिला नवं नव्हतं. चौतीस वर्षं तिने इथल्याच एका इस्पितळात एक्स-रे काढले होते. फोटो पडद्यावर उमटला की डॉक्टरांच्या आधी तिला दिसायचा. समोरचा माणूस तिच्या तोंडाकडे बघायचा आणि ती म्हणायची, कपडे घालून घ्या, डॉक्टर सांगतील. तेच तोंड करून ती आता पटाकडे बघत होती. फरक इतकाच की तिथे आत डॉक्टर असायचे.

आणि नेमकं त्याच दिवशी अण्णांना सुचलं. त्यांनी हत्ती उचलला आणि काळ्या राजापुढच्या प्याद्यावर आपटला. हत्ती फुकट द्यायचा, राजाला उघड्यावर ओढायचं आणि वजीर-घोड्याने शह देत सुटायचं. इस्माईलभाई आधी हसले, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. दीड तास तिघं ती चाल तपासत होती. राजा इकडे पळाला तर मात, तिकडे पळाला तर वजीर पडतो, मधे घोडा घातला तर निदान बरोबरी. अण्णांचा चेहरा चाळिशीतल्या माणसासारखा झाला होता. इस्माईलभाई म्हणाले की अण्णा, ही जमली तर मी तुमच्या नावाची सतार करतो. चाल आठवडाभर पिकायला ठेवली.

घरी येऊन कुमुदने चप्पलसुद्धा न काढता ती निवाड्याला दाखवली. काळा, अकरा.

अकरा चाली म्हणजे अकरा महिने. अठ्ठावन्न होते तोवर तिला वाटत होतं की हरणं लांब आहे, तोवर कुणास ठाऊक कोण असेल कोण नसेल. आता ते थेट दारात आलं होतं. ही चाल पोस्टात पडू द्यायची नाही एवढं तिने ठरवलं. पण कायदा आडवा येत होता. नको म्हणायचं तर हाताने दाखवायला हवं, आणि स्वतःच्या डोक्याने तिने आठ तास घालवले तरी तिला अण्णांच्या चालीत भोक सापडलं नाही. शेवटी तिने निवाड्यालाच विचारलं, आणि त्याने दिलेली अकरा चालींची ओळ शाळेतल्या पोरीसारखी पाठ केली.

रविवारी अण्णांनी कार्ड आधीच लिहून आणलं होतं. कुमुद म्हणाली, थांबा, मला एक दिसलंय. तिने काळ्या राजाला हात घातला. शह बसल्यावर तो कोपऱ्यात पळाला नाही. त्याला तिने पुढे आणलं. पुन्हा शह, पुन्हा पुढे. सगळी आडोशाची घरं सोडून तो राजा पांढऱ्याच्या सैन्यातून चालत पटाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि तिथे त्याला शह द्यायला पांढऱ्याकडे काहीच उरलं नाही. तिने पुढच्या चाली भराभर दाखवल्या. पांढऱ्याला मात झाली.

अण्णा पटाकडे बघत होते आणि इस्माईलभाई कुमुदच्या हाताकडे. त्यांचं अख्खं आयुष्य हातांकडे बघण्यात गेलेलं. कारागीर नवा असो की जुना, सतारीच्या पटरीवरून हात कसा फिरतो यावरून ते माणूस ओळखत.

“बाई,” ते म्हणाले, “हा हात तुमचा नाही.”

ती गडबडली. म्हणाली की आठवडाभर विचार केला, सुचलं. इस्माईलभाई शांतपणे म्हणाले की सत्तावीस वर्षं तुम्हाला बघतोय, तुम्ही राजाला कधी आडोशातून हलवत नाही. जिंकत असलात तरी नाही. आणि आज एकदाही थांबला नाहीत. मग तिलाच ते ओझं पेलवेना. मी बघितलं, असं ती म्हणाली. अण्णा, मी निवाडा बघितला.

ती ओरडण्याची वाट बघत होती. अण्णा ओरडले नाहीत. रुळावरून गाडी घसरल्याची बातमी आल्यावर स्टेशनमास्तर पहिल्यांदा जे विचारतो तेच त्यांनी विचारलं.

“कुठे?”

डाव कुठे गेला, असं. कुमुदने क्षणभर विचार केला आणि मोहरे मागे नेऊन एकतिसाव्या चालीची मांडणी लावली. ती चाल तिची होती, उंटाची, तिने हट्टाने खेळायला लावलेली. इथे, ती म्हणाली, माझ्यामुळे. तिला वाटलं, सुटले.

“मग एकतिसावीला काय खेळायला हवं होतं?” अण्णा म्हणाले. “हाताने दाखव.”

तिचा हात पटावर गेला आणि तिथेच राहिला. दाखवायला काही नव्हतं. एकतिसावीला काहीही खेळलं तरी काळाच होता. अण्णांनी स्वतःच्या हाताने मांडणी एक चाल मागे नेली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. मग आणखी एक मागे. तिने चेहरा दगडासारखा केला. सत्ताविसावी, सव्विसावी, पंचविसावी. अण्णा घाई करत नव्हते. चोविसावी झाली. मग त्यांनी पुढे गेलेलं ते प्यादं दोन बोटांत धरून दोन घरं मागे ठेवलं, आणि कुमुदने मान फिरवली. सगळी उमर लोकांच्या आजारावर जो चेहरा टिकला तो या एका माणसापुढे टिकला नाही.

“म्हणजे इस्माईल बरोबर होता,” अण्णा म्हणाले.

इस्माईलभाई घाईने म्हणाले की छे, तेव्हा कोणालाच दिसलं नसतं, आणि मलाही नुसती भीतीच वाटत होती. अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांना आता त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

“तू त्या दिवशी मला मत दिलंस. काय बघून दिलंस?”

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. “तुम्ही अक्का गेल्यावर पहिल्यांदाच आला होतात, अण्णा.”

अण्णांनी ते प्यादं अजून धरलं होतं. ते त्यांनी जपून खाली ठेवलं.

“दीड वर्ष मी समजत होतो की मी इथे खेळायला येतो,” ते म्हणाले. मग कार्ड खिशात घातलं, भिंतीला धरून उठले आणि चपला घालून निघून गेले. इस्माईलभाई त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा कुमुद तशीच बसली होती, आणि ते तिला एक शब्द जरी बोलले असते तर तिला फार बरं वाटलं असतं. त्यांनी सुनेला चहा आणायला सांगितलं आणि तो दोघांनी प्यायला.

पुढच्या रविवारी अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. कुमुद त्यांच्या घरी गेली. त्यांनी दार उघडलं, बस म्हणाले, बिस्किटं काढली. दाढी चार दिवसांची होती. टीव्हीवर कुठल्यातरी राज्यातल्या निवडणुकीची चर्चा चालली होती आणि अण्णा ती बघत होते. कुमुदने माफी मागितली, ती त्यांनी लगेच देऊन टाकली, इतकी लगेच की मिळाल्यासारखी वाटेना. तिने वेगळं काही करू या म्हटलं, नवा डाव, नवी मांडणी, तुम्ही आणि इस्माईलभाई खेळा, मी लांब बसते. अण्णा म्हणाले की तो डाव सोडल्याचं कार्ड वर्ध्याला पाठवून दे, आपण फार ताणलं. रागाचं एक टोकसुद्धा नव्हतं. तिने मनात म्हटलं, रागवा हो, निदान रागवा. ते बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवत राहिले.

दिवाळीनंतर मुलगा आला आणि अण्णांना बंगळुरूला घेऊन गेला. दाराला कुलूप लागलं. कुमुदने तीनदा फोन केला. पहिल्यांदा अण्णा बोलले, बरंय म्हणाले. दुसऱ्यांदाही बरंय म्हणाले. तिसऱ्यांदा सून म्हणाली की बाबा झोपलेत, आणि तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

इस्माईलभाईंनी दोघांचं बसणं चालू ठेवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. दोन रविवार बसले. पण चाल करायला हात उचलला की ते मधेच थांबायचे. एकदा म्हणाले, “मी बरोबर होतो हे मला यंत्राकडून कळलं, बाई. तुम्ही दोघांनी त्या दिवशी पटावर मान्य केलं असतं तर मी वर्षभर मिरवलं असतं. आता त्याचं काय करू?” तिसऱ्या रविवारी ती गेली तर पट मांडायच्या जागी नवे भोपळे वाळत घातलेले होते, आणि इस्माईलभाई लाजल्यासारखे म्हणाले की हैदराबादची मोठी मागणी आली आहे, जागाच पुरत नाही.

डाव सोडल्याचं कार्ड लिहायचं तेवढं राहिलं होतं. अण्णांनी सांगितलं होतं म्हणून ती लिहायला बसली. पण लिहिण्याआधी तिला एकदा सगळा डाव ओळीने बघावासा वाटला. लपवायला आता कुणी उरलं नव्हतं. तिने फोन पुढे ठेवला आणि तेविसाव्या चालीपासून प्रत्येक मांडणीचा आकडा कागदावर उतरवत गेली.

आकडे विचित्र होते. मिरजेच्या प्रत्येक चालीनंतर आकडा खाली यायचा, कधी दोनाने, कधी पाचाने. ते बरोबरच होतं, हरत असलेली माणसं चुकत चुकत मात होण्याकडेच सरकणार. पण वर्ध्याच्या प्रत्येक चालीनंतर तो पुन्हा वर चढत होता. काळा जिंकत होता, तर त्याने बिनचूक खेळून आकडा एकेकाने उतरवायला हवा होता. वर्ध्याची मंडळी उलट प्रत्येक वेळी सगळ्यात लांबची वाट धरत होती. एखाद्या वेळी असतं तर चूक म्हटली असती. हे अठरा चाली चाललं होतं, आणि अठरांत एकदाही त्यांनी जिंकणं हातचं सोडलं नव्हतं. जरा जास्त लांब जाऊन बरोबरीत पडले, असं एकदाही नाही. माणसाच्या डोक्याला इतकं नेमकं रेंगाळता येत नाही. त्यासाठी आकडा समोर दिसावा लागतो.

कुमुद कागदाकडे बघत बसली. तिच्या आधी दीड वर्ष तिकडे कोणीतरी शपथ मोडली होती. मोडून जिंकता आलं असतं पण त्यांनी ती मोडली होती ते जिंकणं पुढे ढकलण्यासाठी.

तिने डाव सोडला नाही. बेचाळिसावी चाल म्हणून निवाड्याने सांगितलेला सगळ्यात लांबचा बचाव लिहिला, हत्ती एक घर मागे, आणि खाली एक ओळ टाकली: तिकडे आता किती जण बसता?

उत्तर यायला पाच आठवडे लागले. अक्षर उमाट्यांचंच होतं, पण ओळी खाली घसरत गेलेल्या. वर चाल होती. ती तिने पटावर खेळून बघितली आणि आकडा विचारला: सहासष्ट. महिन्याला एक चाल धरली तर साडेपाच वर्षं. गेल्या वर्षीच्या कार्डात उमाट्यांनी लिहिलं होतं की त्यांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली. चालीखाली उन्हाबद्दल काही नव्हतं. तिथे लिहिलं होतं: “एकच. मी. दोघे वारले, तिसऱ्याला आता ओळख पटत नाही. तिकडे?”

तिने कार्ड दोनदा वाचलं. खाली भावाच्या घरात कोणीतरी मिक्सर लावला होता. तिने निवाड्याला पुढची चाल विचारली, सगळ्यात लांबची, आणि ती नव्या कार्डावर उतरवली. मग त्या एका शब्दाच्या प्रश्नापाशी येऊन तिचं पेन अडलं. त्या माणसाला सहासष्ट चाली पुरायच्या तर त्याला वाटायला हवं होतं की या टोकाला अजून कोणीतरी डोकं खाजवतंय, भांडतंय, त्याच्या चालीला शिव्या घालतंय.

‘तिघंही आहोत,’ तिने लिहिलं. ‘तुमच्या चालीवर परवा दोन तास वाद झाला. अण्णांना ती अजिबात आवडली नाही.’